चिन्हाखालची ओळ

ब्रीदवाक्यं पाडणं ही सरकारी नोकरी असू शकते, हे मला ती नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. संस्कृत घेऊन एम.ए. झाले, लग्न होऊन सांगलीहून दिल्लीला आले आणि सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये दोन हिवाळे नुसते स्वेटर विणण्यात घालवले. मग यजमानांच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं, की मंडी हाउसजवळच्या एका कार्यालयात संस्कृतची जागा निघाली आहे. मला वाटलं पोथ्यांचं काही काम असेल. पहिल्या दिवशी टेबलावर जी फाइल आली तिच्यात लिहिलं होतं, की अमुक महामंडळाला ‘संक्षिप्त, ओजस्वी एवं कर्णप्रिय’ असं संस्कृत वाक्य हवं आहे, तीन-चार शब्दांचं, आणि लवकर.

ज्यांना या कामाची कल्पना नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. स्वतंत्र देशात खाती, महामंडळं, दलं आणि संस्था सतत जन्माला येत असतात. मूल झालं की जसं आधी टोपडं शिवतात तसं नवी संस्था झाली की आधी तिचं चिन्ह काढतात. चिन्हात एक वर्तुळ असतं, वर्तुळात चक्र किंवा कणीस किंवा पंख, आणि खाली एक वळवलेली पट्टी. चित्रकार आधी पट्टी काढून मोकळा होतो. मग त्या पट्टीत मावतील एवढे शब्द शोधायचे, ते आमच्याकडे. संस्कृतच का, असं मी सुरुवातीला विचारलं होतं. आमचे उपसचिव भटनागर साहेब म्हणाले, “हिंदी में लिखो तो साउथवाले नाराज़, अंग्रेज़ी में लिखो तो पार्लियामेंट में सवाल। संस्कृत किसी को समझ में नहीं आती, इसलिए सबको मंज़ूर है।” मला ते तेव्हा लागलं होतं. पुढे मीच नव्या लोकांना ते वाक्य सांगायला लागले.

काम करण्याची एक रीत होती. मागणारा एक वाक्य मागायचा, आम्ही तीन पाठवायचो. एकच पाठवलं तर साहेबाला वाटतं आपल्याला निवडायला काही ठेवलंच नाही. तीन पाठवली की तो मधलं निवडतो. पहिलं निवडलं तर पुढचं वाचलंच नाही असं दिसतं आणि तिसऱ्यापर्यंत पोचायला त्याला वेळ नसतो. म्हणून आपल्याला आवडलेलं वाक्य मध्ये ठेवायचं, वर एखादं दात पाडणारं आणि खाली एखादं अळणी. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही, पण फायली बघून बघून आली. माझी बहुतेक सगळी वाक्यं मधल्या नंबरवर बसून देशभर गेली.

दुसरी एक गोष्ट लक्षात आली. ज्याच्याकडे जे नसतं ते तो पट्टीत मागतो. ज्या खात्यात फाइल हलत नाही त्याला ‘गती’ हवी असते. जिथे टेबलाखालून व्यवहार चालतात तिथून ‘शुचिता’ची मागणी येते. एका कुक्कुटपालन केंद्राच्या संचालकांना शौर्य हवं होतं. मी ‘पोषणे बलम्’ असं साधं वाक्य मध्ये ठेवून पाठवलं, तर ते स्वतः भेटायला आले. सुटाबुटातले, मृदू आवाजाचे गृहस्थ. म्हणाले, “मैडम, इसमें जोश नहीं है। बाक़ी लोगों के मोटो में सिंह हैं, गरुड़ हैं।” मी म्हटलं, तुमच्याकडेही पक्षीच आहे. त्यांना ते पटलं नाही. कोंबडीला वीररस कुठून आणू, या विवंचनेत माझा एक आठवडा गेला. शेवटी त्यांनी तेच वाक्य ठेवून चिन्हातला कोंबडा जरा छाती काढलेला करवून घेतला आणि दोन्ही पक्ष समाधानी झाले.

या साऱ्यात मी आनंदात होते, हे कबूल करायला हवं. चार अक्षरं लिहायची, अर्थाची टीप जोडायची आणि पाठवून द्यायची. पुढे त्या अक्षरांचं काय होतं, ती कोण वाचतं, कुणाला लागू पडतात, याच्याशी माझा संबंध नव्हता. नव्या दिल्लीत फिरताना एखाद्या फाटकावर आपलं वाक्य दिसलं की मुलाला दाखवायचे. तो म्हणायचा, “अच्छा,” आणि आइसक्रीमवाला बघायचा.

अशीच एकदा एका सरकारी उपक्रमाच्या अग्निशमन दलाची मागणी आली. उपक्रमाचं नाव सांगत नाही. दिल्लीच्या सीमेवर त्यांचे कारखाने आणि गोदामं होती आणि तिथल्यापुरतं त्यांचं स्वतःचं दल होतं. मी तीन ओळी पाठवल्या. वर ठेवली ‘दुर्धर्षदहनदमनम्’, जी बंबाच्या दारावर मावलीही नसती. खाली ठेवली ‘अग्नौ धैर्यम्’. आणि मध्ये, माझी आवडती, ‘प्राणैरपि रक्षणम्’. प्राण देऊनही रक्षण. म्हणायला सोपी, ऐकायला भारदस्त. रिवाजाप्रमाणे मधली निवडली गेली. लाल पट्टीत सोनेरी अक्षरांत ती बंबांवर, टोप्यांवर आणि पदकांवर चढली. एका समारंभात त्या दलाच्या प्रमुखांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं, की जवान ही ओळ वाचून अंगावर काटा आल्याचं सांगतात. त्या रात्री मी घरी श्रीखंड केलं होतं.

त्यानंतर काही वर्षांनी एका सकाळी त्याच दलाची एक फाइल आली. एका गोदामात आग लागली होती, त्यांचा एक लीडिंग फायरमन त्यात गेला होता आणि त्याच्या नावाची स्मृतिशिला बसवायची होती. दगडावरचा मजकूर आमच्याकडून तपासून घ्यायची पद्धत होती, कारण दगडावर खाडाखोड करता येत नाही. मजकूर नेहमीसारखा होता. वर चिन्ह, चिन्हात माझी ओळ. मग हिंदीत आणि इंग्रजीत नाव, हुद्दा, दिवस. आणि खाली पुन्हा एकदा तीच ओळ, या वेळी वीतभर मोठ्या अक्षरांत. नाव वाचलं आणि थबकले. विजय भिंगारदिवे. हा नगरकडचा माणूस, फाइलीत धर्म ख्रिस्ती लिहिलेला. हिंदी टंकलेखकाने ते आडनाव तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलं होतं. मी ते दुरुस्त केलं, ओळीचा अर्थ तपासला, तो बरोबरच होता, आणि सही करणार तेवढ्यात शिपायाने सांगितलं की बाहेर एक बाई आल्या आहेत.

ज्योत्स्ना भिंगारदिवे, विजयच्या पत्नी. मी त्यांना तोंडओळखीने ओळखत होते. पहाडगंजच्या मराठी शाळेत माझा मुलगा होता तेव्हा त्या तिथे लहान वर्गांना शिकवायला लागल्या होत्या. इस्त्रीची सुती साडी, खांद्याला शबनम. रडून आलेल्या नव्हत्या. बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, दगडाचा कागद तुमच्याकडे आलाय असं कळलं. त्याच्यावरची ती ओळ काढायची आहे. मी त्यांच्या ऑफिसात चार वेळा सांगितलं. ते म्हणतात, ओळ संस्कृतवाल्या मॅडमची आहे, त्यांना विचारा.”

मला आधी राग आला. दुःखातल्या माणसावर रागावू नये हे कळत होतं, तरी आला. माझी सगळ्यांत चांगली ओळ होती ती. मी म्हटलं, “बाई, त्यांचा गौरवच आहे त्यात.” तेवढ्यात भटनागर साहेब कशासाठी तरी आत आले, त्यांना मी विषय सांगितला. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि त्यांच्या मते हळू आवाजात म्हणाले, “क्रिश्चियन हैं न? संस्कृत से दिक़्क़त होगी। बिल्कुल समझ सकते हैं। बाइबल से कुछ ले लीजिए, छोटा-सा। हमें कोई ऑब्जेक्शन नहीं।” साहेब उदार मनाचे होते आणि उदारपणे बोलायचे, त्यामुळे ते साऱ्या खोलीला ऐकू गेलं.

ज्योत्स्नाबाई तिथूनच म्हणाल्या, “सर, मेरे पिताजी स्कूल में संस्कृत पढ़ाते थे। मुझे भाषा से दिक़्क़त नहीं है। मतलब से है।”

साहेब गोरेमोरे झाले आणि कामाची आठवण होऊन निघून गेले. ऑफिसात पुढे बोलणं शक्य नव्हतं. मी त्यांना घेऊन कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या सदनाच्या कँटीनमध्ये गेले. तिथे मुंबईहून फायली घेऊन आलेली मंडळी मिसळ खात मंत्रालयातल्या बदल्यांवर बोलत होती. आम्ही कोपऱ्यातलं टेबल घेतलं. चहा आला. मग त्यांनी सांगितलं ते असं.

आग लागली तेव्हा गोदामात दोन चौकीदार अडकले होते आणि आत रसायनांची पिंपं होती. अशा धुरात जाताना हवेची टाकी पाठीला लावून तोंडावर मास्क चढवावा लागतो. त्या दिवशी बंबावर जेवढी माणसं होती तेवढे मास्क नव्हते. काही दुरुस्तीला गेले होते ते परत आलेच नव्हते. विजय तोंडाला ओला टॉवेल बांधून आत गेला, एका चौकीदाराला घेऊन बाहेर आला, दुसऱ्यासाठी पुन्हा गेला. दुसरा चौकीदार मागच्या खिडकीतून आपला आपण बाहेर पडला होता, ते याला कळलं नाही.

“अंत्यविधीला सगळे साहेब आले,” त्या म्हणाल्या. “प्रत्येकाने तेच म्हटलं. प्राणैरपि रक्षणम्. विजयने ते खरं करून दाखवलं. पेपरातही तेच आलं. ताई, मास्क कुठे होता हे एकानेही म्हटलं नाही. ‘प्राण देऊनही’ असं एकदा दगडावर लिहिलं, की प्राण देणं हे त्याच्या कामातच होतं असं होतं. मग मास्कचं कोण विचारणार?”

मी म्हटलं, “पण तो धीराने गेला, हे तर खरं?”

“धीर होताच. पण तो मरायला गेला नव्हता. माणसं काढायला गेला होता आणि संध्याकाळी घरी येणार होता. मुलीच्या बुटांना पॉलिश करायचं राहिलं होतं, ते येऊन करतो म्हणाला होता. आत शेवटी त्याच्या मनात काय आलं ते मला माहीत नाही. घरातून निघताना तो काय म्हणाला ते माहीत आहे. तुम्ही जे लिहिलंय ते तो नाही म्हणाला.”

मी कपातला चहा ढवळत बसले. इतकी वर्षं मी संस्था पट्टीत काय मागतात त्यावरून त्यांच्याकडे काय नाही ते ओळखत होते, त्यावर घरी विनोद करत होते. या दलाने मागताना ‘बलिदान की भावना’ असे शब्द वापरले होते. त्यांच्याकडे काय कमी आहे, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नव्हता. सुचून मी काय करणार होते, हेही खरंच. मी संस्कृतवाली होते. पण त्या टेबलाशी मला फार वाईट वाटलं आणि माझी आवडती ओळ मला प्रथमच परकी वाटली.

आता अडचण अशी होती, की ओळ चिन्हाचा भाग होती आणि चिन्हात बदल करायचा तर संचालक मंडळाचा ठराव लागतो. चिन्हाशिवाय दगड बसवला तर तो खाजगी दगड होतो आणि सरकारी आवारात बसवता येत नाही. ज्योत्स्नाबाईंना दगड तर हवा होता, आणि तोही दलाच्या फाटकाशीच हवा होता, जिथून बंब बाहेर पडतात. अनावरणाचा दिवस ठरलेला होता, मंत्रालयातून कुणी यायचं होतं. तोवर काही झालं नाही तर कारागीर छापील मजकूर कोरून मोकळा होणार होता, आणि मग जन्मभर ती ओळ विजयच्या नावाखाली राहणार होती.

“चिन्हातली ओळ मला काढता येणार नाही,” मी म्हटलं. “ती इवलीशी असते, कुणी वाचत नाही. खालची मोठी ओळ मात्र चिन्हाचा भाग नाही, ती रिवाजाने घालतात. तिच्या जागी दुसरी घालता येईल. मी तीन करून देते, त्यातली एक निवडा.”

“तुमच्या तिन्ही नकोत,” त्या म्हणाल्या. रागाने नाही, लहान वर्गातल्या मुलाला सांगावं तशा. “तो जे म्हणाला तेच घाला.”

“काय म्हणाला?”

“येतो.”

मी थांबून राहिले, पुढचं काही येईल म्हणून. पुढे काही नव्हतं.

“रोज तेच म्हणायचा,” त्या म्हणाल्या. “आमची पोरगी दिल्लीत वाढलेली, मैत्रिणींबरोबर हिंदीत बोलणारी. शाळेत निघताना सरळ ‘मी जाते’ म्हणायची. तो तिला जिन्यातून परत बोलवायचा. जाते नाही म्हणायचं, येते म्हणायचं. ती वैतागायची, पप्पा, बस निकल जाएगी. तरी येते म्हटल्याशिवाय सोडायचा नाही.”

माझ्या घरी हेच चाललं होतं. माझा मुलगाही ‘आई, मी जातोय’ म्हणून दार ओढून घ्यायचा आणि मी आतून ओरडायचे.

ऑफिसात परत येऊन मी टिपण लिहायला घेतलं. भटनागर साहेबांना मी चांगली ओळखत होते, म्हणून त्यांच्यापुढेही तीन पर्याय ठेवले. पहिला, चिन्हातून ओळ काढण्यासाठी संचालक मंडळाकडे प्रस्ताव पाठवावा, म्हणजे अनावरण पुढे जाईल आणि मंत्रालयाला कळवावं लागेल. दुसरा, चिन्ह आहे तसं ठेवून खालच्या जागी कुटुंबाने सुचवलेला शब्द घ्यावा. तिसरा, मजकुरासाठी एक समिती नेमावी. फाइल घेऊन मी स्वतः गेले. साहेबांनी पहिला वाचून चष्मा काढला, तिसरा वाचून पुन्हा लावला आणि दुसऱ्यावर बोट ठेवलं.

“शब्द क्या है?”

“येतो. मराठी है, सर.”

“मतलब?”

“आता हूँ।”

“कौन आता है?”

“जो जा रहा है, वो।”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. “मिसेज़ जोग, ये तो आदमी पान लेने जाता है तब भी बोलता है। पत्थर पर लिखने की चीज़ है ये?”

मग मी त्यांना सांगितलं, की आमच्यात घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. जायचंच असतं, पण म्हणायचं ‘येतो’. म्हणणाऱ्याच्या लक्षातही येत नाही आपण काय म्हणतोय. ऐकणारा मात्र वाट बघायला लागतो.

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली बसस्टॉपवर ऑफिसं सुटल्याची गर्दी होती. “हमारी अम्मा भी टोकती थीं,” ते म्हणाले. “जाता हूँ मत बोल, आता हूँ बोल।” आणि त्यांनी सही केली. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत त्यांनी कारण न लिहिता केलेली ती एकच सही मी पाहिली.

दोन दिवसांनी कारागिराचा फोन आला. “मैडम, बाक़ी लाइन नहीं पहुँची।” मी सांगितलं, बाकी काही नाही, एवढंच आहे. तो म्हणाला, इतक्या मोठ्या दगडावर एवढंसं विचित्र दिसेल, बाजूला दोन फुलं काढतो. मी म्हटलं, नको, मोकळंच ठेवा. त्याने नाइलाजाने ठेवलं.

अनावरणाला मी गेले होते. भाषणं झाली, त्यांत माझी ओळ तीनदा आली. पडदा सरकला तेव्हा पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी दगड वाचला आणि एकमेकांकडे पाहिलं. मग ज्योत्स्नाबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या पाहुण्यांकडे न बघता मागे ओळीत उभ्या असलेल्या जवानांकडे वळल्या. म्हणाल्या, “ये घर से निकलते वक़्त बोलते थे, येतो। मतलब, वापस आऊँगा। आप लोग भी बोलकर निकला करो। और मास्क देखकर निकला करो। अपना भी, साथवाले का भी।” एवढंच बोलून त्या मुलीचा हात धरून खुर्चीवर जाऊन बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणाला कळलं नाही, म्हणून त्या वाजल्या नाहीत. दलाचे प्रमुख जमिनीकडे बघत होते.

पुढे मीही निवृत्त झाले. यजमान गेले, सरकारी क्वार्टर सुटलं, आणि मी मुलाकडे गुरुग्रामला एका उंच इमारतीत राहायला आले. तिथेही माझी कीर्ती आधीच पोचली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींना फाटकावर काहीतरी ‘संस्कृत में, मगर पॉज़िटिव’ हवं होतं. मी नेहमीच्या रीतीने तीन दिली. व्हॉट्सॲपवर मतदान झालं, ‘सौहार्दे निवासः’ हे मधलं निवडून आलं आणि त्यानंतर पार्किंगवरून दोन टॉवरमध्ये अशी जुंपली की सौहार्द बाजूलाच राहिलं. सध्या त्या जागी ‘विज़िटर पार्किंग बेसमेंट टू’ अशी पाटी आहे. ती लोक वाचतात आणि तिच्याप्रमाणे वागतातही, एवढं माझ्या एकाही वाक्याच्या नशिबी आलं नाही.

त्या दलाकडचं काही कळत नव्हतं, कळावं असं काही कारणही नव्हतं. मग गेल्या वर्षी त्याच अग्निशमन दलातून बोलावणं आलं. हिंदी पखवाड्याची निबंध स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून निवृत्त मंडळी फुकट मिळतात. मुलाने कॅब करून दिली. निघताना मी ‘येते’ म्हटलं, तो लॅपटॉपमधून ‘हं’ म्हणाला.

फाटकाशी दगड होता. उन्हापावसाने चिन्ह पार पुसट झालं होतं, त्यातली माझी ओळ तर शोधावीच लागली. खालचा शब्द मात्र काळ्या रंगात स्वच्छ दिसत होता. कुणीतरी वरचेवर रंग भरत असावं.

स्पर्धा सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि घंटा वाजली. निम्मे स्पर्धक पेनं टाकून धावले. मी खिडकीशी गेले. खाली बंबापाशी जवान चढत होते, आणि चढताना प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीवरची टाकी हाताने हलवून बघत होता, मास्कचा पट्टा ओढून बघत होता आणि म्हणत होता, “येतो.” पुढचा मान न वळवता म्हणायचा, “येतो.” हरियाणवी, बिहारी, गढवाली तोंडांतून आलेलं ते ‘येतो’ जरा लांबट होतं. बंब फाटकातून बाहेर पडला.

त्या दिवशी ड्यूटी नसलेला एक जवान खोलीत मागे राहिला होता, रोहतककडचा, निबंध अर्धा टाकून तोही खिडकीशी आला होता. मी त्याला विचारलं, हे काय म्हणतात?

“मोटो है जी हमारा,” तो म्हणाला.

“कौन-सी भाषा का है?”

“संस्कृत का है, मैडम।”

“और मतलब?”

माझं पांढरं डोकं बघून त्याला माझी कीव आली असावी. त्याने नीट समजावून सांगितलं, “मतलब ये जी, कि तेरा मास्क मैंने देख लिया।”

“और वो जो चिन्ह में लिखा है, प्राणैरपि?”

“वो तो जी अफ़सरों का है,” तो म्हणाला, आणि निबंध पुरा करायला जाऊन बसला.

उभा जन्म मी अर्थाच्या टिपा लिहिल्या. चुकीचा अर्थ ऐकला की तिथल्या तिथे दुरुस्त करायचा ही माझी खोड, त्यापायी नातेवाईकसुद्धा माझ्यासमोर श्लोक म्हणायला घाबरतात. हा शब्द संस्कृत नाही, हे सांगायला तोंड उघडलं होतं. पण ते मिटलं आणि उत्तरपत्रिका गोळा केल्या.

घरी येऊन ज्योत्स्नाबाईंना फोन केला. त्या आता नोएडात मुलीकडे असतात, आमची दिवाळीला आणि नाताळाला फराळाची देवाणघेवाण चालते. त्यांना सगळं सांगितलं. बंब, पट्टे, रोहतकचा जवान आणि त्याने सांगितलेला अर्थ.

मी म्हटलं, “पुढच्या खेपेला गेले की सांगते त्याला, मराठी आहे म्हणून. अर्थही नीट सांगते.”

“नका सांगू, ताई,” त्या म्हणाल्या. “अर्थ बरोबर आहे.”